सुपारी आली की आधी जिना विचारायचा

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये कुणाला सांगितलं ना की मी ड्रम वाजवतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या पथकात?" आणि त्यांचं काही चुकत नाही, ढोलाला आपल्या गावाचंच नाव लागलंय, मुंबईवाले तर सरळ नाशिक बाजाच म्हणतात. पण मी तो नव्हे हो. मी स्टेजवर सगळ्यात मागे बसतो, लग्नाच्या फोटोत ज्याचं फक्त कपाळ आणि एक सिंबल, म्हणजे वाजवायची धातूची थाळी, एवढंच येतं, तो मी. अठरा वर्षं झाली आता, लग्नं, ऑर्केस्ट्रा, वायनरी, नाताळ, कॉलेजची गॅदरिंगं, जिथून सुपारी येईल तिथे जायचं. सुपारी म्हणजे आमच्यात कार्यक्रमाचं बुकिंग बरं का, एकदा मी बँकेच्या रांगेत फोनवर जोरात बोलून गेलो की शनिवारी दोन सुपाऱ्या आहेत, एक दुपारीच उरकतो, तर पुढच्या काकांनी पासबुक घेतलं आणि रांगच बदलली.

आज इथे बोलावलं तेव्हा म्हणाले, येताना ड्रम घेऊन या, श्रोत्यांना ऐकवू. मी विचारलं जिना आहे का? दोन मजले, लिफ्ट बंद. मग मी एक स्नेअर म्हणजे खाली तारा असलेला छोटा ड्रम, एक काहोन म्हणजे बसून वाजवायचं खोकं, ब्रशची जोडी आणि सतरंजीचा तुकडा एवढंच आणलंय. हसू नका, सुपारीचा फोन आला की माझे पहिले प्रश्न हेच असतात, जागा कुठली, जिना किती, जनरेटर आहे का आणि माणसं ऐकायला येणार की जेवायला. कुठली गाणी ते नंतर. सामान गाण्यावर ठरतं असं लोकांना वाटतं, मलाही पहिली दोनतीन वर्षं वाटायचं, पण खरं तर ते जागेवर ठरतं.

आता लग्नाचं लॉन घ्या. संगीत असतं, पाहुणे चारपाचशे, तिथे पूर्ण सेट लागतो, म्हणजे 22 इंची किक, ती पायाच्या पॅडलने वाजवायची, 14 ची स्नेअर, वर दोन टॉम, खाली फ्लोअर टॉम, आणि सिंबलं, हायहॅट, दोन क्रॅश, एक राइड. ऐकायला भारी वाटतं, पण यातला निम्मा भार ड्रमचा नसतोच, तो स्टँडचा असतो, लोखंडाची ती एक बॅग उचलताना आमच्या ओम्नीवाल्या भाऊचा चेहरा दर वेळी बघण्यासारखा होतो. आणि लॉनचा मेन प्रॉब्लेम काय, तर स्टेज. वर गुळगुळीत फ्लेक्स नाहीतर नवीकोरी मॅट अंथरलेली असते. किकचं पॅडल तुम्ही पुढे दाबता, प्रत्येक ठोक्याला ड्रम केसभर पुढे सरकतो, आणि एका गाण्यात असे ठोके किती पडतात याचा हिशोब तुम्हीच करा. एकदा तर दुसऱ्या गाण्याच्या शेवटापर्यंत माझी किक नवरदेवाच्या मावशीच्या खुर्चीजवळ पोचली होती, आणि मी स्टुलासकट मागून सरकत सरकत वाजवतोय, लोकांना वाटलं स्टेप आहे. तेव्हापासून ही सतरंजी. घरचीच जुनी, सोलापुरी, जाड विणीची, तिच्यावर पांढऱ्या टेपच्या खुणा केल्यात, इथे किकचे पाय, इथे हायहॅट, इथे माझं स्टूल, म्हणजे अंधारात पण दहा मिनिटांत सेट लागतो. किकच्या पुढच्या पायांना टोकं असतात ती विणीत रुततात, आणि मी स्वतः त्याच सतरंजीवर बसलेला असतो, म्हणजे किक पळणार तर मला घेऊनच पळणार.

रात्री दहाला स्पीकर बंद, सकाळी सहापर्यंत, हा 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. त्यामुळे लॉनवर पावणेदहाला सगळ्यांना एकदम नाचायचं आठवतं आणि शेवटची पंधरा मिनिटं म्हणजे नुसती धुमाळी.

वायनरीचं गणित याच्या बरोब्बर उलटं. गंगापूर धरणाच्या बाजूला रविवारी दुपारी लोक निवांत बसलेले असतात, टेबलं स्टेजला चिकटून, तिथे 22 इंची किक नेलीत तर पहिल्या ठोक्याला ग्लास थरथरतात आणि मॅनेजर तुमच्याकडे बघायला लागतो. तिथे हे न्यायचं. हा ऐका आवाज, धुम्... आणि हा वरच्या कडेचा, टॅक. हे एकच खोकं आहे मंडळी, काहोन, ज्याच्यावर मी आत्ता बसलोय तेच. पेरू देशात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी मालाची खोकी बडवून हे वाद्य केलं, आणि सत्तरच्या दशकात पाको द लुसिया नावाच्या गिटारवाल्याने ते स्पेनला नेलं, तिथून जगभर गेलं. आपल्याकडे पण द्राक्षाची खोकी चिक्कार आहेत, पण पुठ्ठ्याची, नाहीतर आपणच काढला असता शोध.

आणि काहोनसोबत स्नेअर, ब्रशने वाजवायची. आता हे जरा नीट ऐका. स्नेअरच्या खाली बारीक तारांची पट्टी असते, बाजूला एक खटका असतो, तो पाडला की तारा सुटतात आणि नुसता टण्ण असा आवाज येतो, डबा वाजवल्यासारखा. आता खटका वर करतो... टर्र. ऐकलंत? तोच ड्रम, तोच हात. आणि ब्रश मारायचा नसतो, फिरवायचा असतो, पोळपाटावर पीठ भुरभुरवून हात फिरवतो ना तसा, शश्श शश्श.

थंडीत डिसेंबर-जानेवारीचे कार्यक्रम मात्र परीक्षा बघतात. उघड्यावर सातनंतर दव पडायला लागतं. माझे ड्रम प्लास्टिकच्या पानाचे, पान म्हणजे ज्याच्यावर काठी पडते ते, पूर्वी ड्रमला पण वासराचं चामडं असायचं, 1957 साली अमेरिकेत रेमो बेली या ड्रमवाल्याने मायलार नावाच्या प्लास्टिकची पानं बाजारात आणली आणि आमची सुटका झाली, आता तर बऱ्याच ढोलांनाही प्लास्टिकच आलंय. पण आमच्या ढोलकवाल्याचं अजून चामडंच आहे, ते ओलाव्याने सैल पडतं, म्हणून तो दर दोन गाण्यांनी ढोलक हॅलोजनला दाखवून आणतो, बाळाला उन्हात धरतात तसं. मी चिडवतो त्याला, पण खरं सांगू, चामड्याचा घुमारा माझ्या प्लास्टिकला नाही.

कालिदास नाट्यगृहात जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा असला की तिसरंच सामान. तिथे ढोलक-तबला एका बाजूला असतो आणि मी ऑक्टापॅडवर. आठ रबरी चौकोन, आत शेकडो आवाज, 1985 मध्ये रोलँड कंपनीने पहिला काढला आणि आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी आणि बेंजोपार्टीवाल्यांनी तो असा उचलला की विचारू नका. एका पाठपिशवीत कोंगा, बोंगो, टिंबाली, घुंगरू सगळं मावतं. फक्त प्रत्येक गाण्याचा आवाजांचा वेगळा संच नंबराने लावून ठेवावा लागतो, आणि अंधारात एक नंबर चुकला की संपलं. माझ्याकडून चुकलाय. हळुवार भावगीत, सभागृह शांत, आणि मी नाजूक घुंगरू वाजवायला गेलो तर काच फुटल्याचा आवाज. गायिकेने डोळे मिटलेलेच ठेवले, पण मानधनाचं पाकीट देताना बोटं जरा घट्ट धरली होती तिने. तेव्हापासून नंबर मोठ्या आकड्यांत कागदावर लिहून स्टँडला चिकटवतो. आणि लॉनवर लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत ऑक्टापॅड मेलेला असतो, परत चालू झाला तरी उठायला वेळ घेतो, म्हणून तिथे मी तो एकटा कधीच नेत नाही, शेजारी साधी स्नेअर ठेवतोच.

नाताळाचं पटकन सांगतो. चर्चचं छत उंच, आवाज फिरून फिरून येतो, तिथे स्टिकऐवजी खराट्याच्या काड्या एकत्र बांधल्यासारख्या रॉड येतात त्या वापरायच्या आणि सिंबल एकच न्यायचं.

सिंबलवरून आठवलं, चांगल्या सिंबलमध्ये साधारण 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असतं, म्हणजे आपल्या भांडी बाजारातल्या काशाच्या वाटीचंच भावंड. माझ्या 16 च्या क्रॅशला कडेला चीर गेली तेव्हा मी तिथल्या एका दुकानात गेलो, म्हटलं डाग मारून द्या. काकांनी बोटाने वाजवून बघितलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, हे जोडलं तर वाजणार नाही, चीर जिथे थांबलीये तिथे भोक पाड, पुढे जाणार नाही. ड्रमवाले तेच करतात, हे मला नंतर कळलं. पाच वर्षं झाली, चीर तिथेच आहे, आणि काकांनी भोकाचे पैसे घेतले नाहीत.

बाकी बॅगेत काय असतं ते पण विचारतात मुलं. पॅडलचा जास्तीचा बीटर, काळी टेप, सिंबलचे फेल्ट, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि ड्रम कसायची चावी, ती मात्र बॅगेत नाही, गळ्यात असते, कारण ती हरवली की दुसऱ्याकडे मागावी लागते आणि मागितलेली चावी परत देताना माणूस हमखास विसरतो, मीच दोन ढापल्यात.

चला, उद्या सकाळी आठला वायनरीचा ब्रंच आहे, जिना नाही म्हणालेत, पण पार्किंगपासून स्टेज लांब आहे असं शेवटी हळूच सांगितलं. काहोनच नेतो. नमस्कार.