ओल्या पोत्यावरचे शंभर दाणे

मे महिना. गोणपाट भिजवून अंथरलंय. त्यावर सोयाबीनचे दाणे मांडले जातायत, दहा-दहाच्या दहा ओळी. दाणे निवडायचे नाहीत. पोत्याच्या वरून, मधून, तळातून येतील तसे घ्यायचे. वर दुसरं ओलं गोणपाट, मग गुंडाळी, आणि सावलीत सहा-सात दिवस. तोवर पाणी शिंपडत राहायचं.

ही बियाण्याच्या उगवणीची चाचणी शिकवून कुणाची विक्री वाढत नाही. शेती संशोधनावर सरकारने पैसा का घालायचा, याचं रोखठोक उत्तर इथेच आहे. सोयाबीनचे वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेले. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढची दोन वर्षं घरचंच राखून पेरता येतं. संकरित बियाण्यासारखं गिऱ्हाईक दरवर्षी परत येत नाही. मग अशा पिकात कंपन्यांना गोडी कितीशी असणार? जबलपूरचा जेएस ३३५, परभणीचा एमएयूएस ७१ हे वाण कृषी विद्यापीठांनी दिले.

वाण प्रसारित झाला की बातमी छापून येते. खरं काम त्यानंतरचं. पैदासकार बियाण्याला, म्हणजे वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीतल्या मूळ बियाण्याला, पिवळा टॅग, त्यापासून पायाभूत, त्याला पांढरा, मग प्रमाणित, निळा. दर टप्प्याला एक हंगाम जातो. एक टप्पा हुकला तरी वाण कागदावरच. कृषी विज्ञान केंद्राच्या आद्यरेषा प्रात्यक्षिकात, म्हणजे शेतकऱ्याच्याच रानात नवा वाण लावून दाखवतात तिथे, नव्या वाणाशेजारी शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचा प्लॉट हवाच. तो नसेल, तर ती नुसती जाहिरात.

उगवण जाते कशाने? सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर त्याच्या लगेच खाली. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या वर गेले, पोती ट्रॉलीतून आपटली, उंच थप्पी लावली, की दाणा वरून धड आणि आतून मेलेला. नुसत्या नजरेला ते कळत नाही.

गुंडाळी उघडली. मोड जोमदार आणि मूळ शाबूत, तेवढेच मोजायचे. बुरशी धरलेले, तुटके, वाकडे बाद. ७० किंवा जास्त भरले, तर एकरी ३० किलो बियाणं. ६० भरले, तर ३५ किलो. फारच कमी भरले, तर तो माल मोंढ्यावर, धान्यबाजारात. बीजप्रक्रिया या मोजणीनंतरच करायची. औषध चोळलेलं सोयाबीन विकता येत नाही.