टॅबलेटवरचं ‘नको’

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबर महिना जगभरात पर्यायी संवादाच्या जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. काही मुलांच्या तोंडून शब्द फुटत नाहीत, काहींचे फुटतात पण घराबाहेरच्या कुणाला कळत नाहीत. स्वमग्नता असेल, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं असेल, आणखी काही असेल. ही मुलं चित्रावर बोट ठेवतात, टॅबलेटवरचं बटण दाबतात आणि यंत्र त्यांच्या वतीनं बोलतं. घरात हा आवाज पहिल्यांदा घुमतो तेव्हा आईबापांचा ऊर भरून येतो. यायलाच हवा.

पुढे काय होतं तेही ठाऊक आहे. पाहुणे आले की टॅबलेट पुढे सरकवला जातो, “काकांना नमस्कार म्हण बघू!” मूल बटण दाबतं, सगळे टाळ्या वाजवतात. हौस म्हणून ठीक आहे. पण तो शब्द तुमचा असतो, त्यानं फक्त दाबलेला. जेवताना तुम्ही भाजीचा घास पुढे करता आणि तो टॅबलेट ओढून ‘नको’ दाबतो, मग शोधून शोधून ‘दही’ दाबतो, तो शब्द त्याचा. कौतुक करायचं ते याचं.

आता साधनाकडे वळू. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ हे ॲपही आपल्याकडे बरंच वापरलं जातं, त्याला पैसे पडतात. आठ ते दहा इंची पडदा बरा. फोनवरही काम भागतं, पण बोटांवर ताबा कमी असेल तर शेजारचंच बटण दाबलं जातं आणि मूल वैतागतं. अशा मुलासाठी पडद्यावर भोकं पाडलेली प्लास्टिकची जाळी बसवतात, म्हणजे बोट नेमकं त्याच बटणावर टेकतं.

“यंत्राची सवय लागली तर तो बोलायचाच नाही,” ही धास्ती घरोघरी असते, आजीआजोबांना तर जास्तच. अमेरिकेत 2006 साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या भरवशाच्या 27 उदाहरणांमध्ये एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. 89 टक्क्यांचं वाढलं होतं, वाढ बेताची असली तरी. तेव्हा ‘आधी वाट बघू’ म्हणून वर्षं घालवू नका.

ॲप उतरवलं की बहुतेक घरांत पहिल्या पानावर फळं, प्राणी, रंग भरले जातात. इथेच गाडी अडते. दिवसभरात कुणाला किती वेळा ‘जिराफ’ म्हणावं लागतं? पहिल्या पानावर हवेत ते हवं, नको, आणखी, झालं, दे, थांब, चल, मदत, मी, तू, काय, कुठे, दुखतंय असे शब्द. त्यानंतर घरातल्या माणसांची नावं आणि आवडीचे चारदोन पदार्थ. शब्द थोडे ठेवायचे असतील तर बाकीची बटणं लपवा, पण पानाची मांडणी पहिल्या दिवसापासून मोठीच निवडा. कारण काही दिवसांनी मूल चित्र बघत बसत नाही, हाताला जागा पाठ होते. तुम्ही नऊ बटणांचं पान बदलून तीस बटणांचं केलंत की ‘थांब’ भलत्याच कोपऱ्यात जातं आणि त्याची सगळी मेहनत पाण्यात जाते.

मराठीच्या दोन अडचणी आधीच निस्तरा. टॅबलेटमध्ये मराठी आवाज बसवलेला नसेल तर कधीकधी हिंदीचाच आवाज मराठी वाचायला लागतो आणि ‘चमचा’ ऐकायला विचित्र लागतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज उतरवून घ्या. एखादं नाव तरीही चुकत असेल तर त्या बटणात आवाज रेकॉर्ड करा, शक्यतो त्याच वयाच्या चुलत-मावस भावंडाचा. दुसरं, मुलीचा टॅबलेट ‘मी जातो’ म्हणत नाही ना, ते तपासा. काही घरांत हे महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅबलेटवर आधी बोलायचं ते तुम्ही. वरण वाढताना तोंडानं “आणखी हवं?” म्हणा आणि म्हणता म्हणता ‘आणखी’वर बोट ठेवा. चप्पल घालताना ‘चल’. दूध सांडलं की ‘मदत’. सगळं वाक्य दाबायची गरज नाही. मूल एक शब्द दाबत असेल तर तुम्ही दोन दाखवा. मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर गप्प राहा. हे फार जड जातं, तिसऱ्या सेकंदाला आपण पुन्हा विचारून मोकळे होतो. त्याचा हात धरून बटण दाबायला लावू नका आणि “हे काय? ते काय?” अशी परीक्षाही घेऊ नका. त्यानं सलग वीस वेळा ‘गाडी’ दाबलं तरी आवाज बंद करू नका. बोलकी बाळंही बडबडतातच की. “हो, गाडी. बाबांची गाडी,” एवढं म्हणा.

‘नको’चा मान राखा. औषध, शाळा असं टाळता न येणारं असेल तेव्हा “नको म्हणालास, कळलं मला. औषध घेऊ, मग झालं,” असं बटणं दाखवत सांगा. ‘नको’ दाबूनही कधीच काही थांबत नाही असं त्याला दिसलं, तर ते बटण सुटतं आणि चावणं, वस्तू फेकणं परत सुरू होतं. घरातल्या कुणाला हा उद्धटपणा वाटेल. वाटू द्या.

बोलायच्या टॅबलेटवर कार्टून नको. एकदा ते लागलं की मूल बोलायला नाही, बघायला टॅबलेट मागतं. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करता येतं, आयपॅडमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’ आहे, म्हणजे मूल दुसरीकडे जात नाही. शिक्षा म्हणून टॅबलेट काढून घेऊ नका. बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाला आपण चिकटपट्टी लावतो का? मुख्य पानाची ए-फोर कागदावर छपाई करून लॅमिनेट करून ठेवा. आंघोळीच्या वेळी, उन्हात पडदा दिसेनासा झाल्यावर, चार्जिंग संपल्यावर तोच कागद कामाला येतो. मांडणी मात्र तीच हवी.

शाळेत ‘मोबाइलला बंदी’ या नियमात हा टॅबलेट अडकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये संवादाची जी व्याख्या आहे, तिच्यात असे पर्यायी मार्ग नावानिशी आले आहेत. मुख्याध्यापकांना त्याचा हवाला देऊन लेखी अर्ज द्या आणि वर्गशिक्षकांना दहा मिनिटं बसवून पहिलं पान दाखवा. मुलासाठी नेमकं काय योग्य हे ठरवायला वाचा-भाषा तज्ज्ञ लागतात. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करता येईल.

नवे शब्द भरताना भावंडांना जवळ बसवा. मोठी माणसं ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ भरतात, पोरं ‘चीटिंग’, ‘माझा डाव’, ‘गप ए’ सुचवतात. तेही भरा. आणि दर आठवड्याला शब्दांची फाइल ईमेलवर पाठवून ठेवा, नाहीतर टॅबलेट फुटला तर सगळं पहिल्यापासून भरावं लागतं.

नमस्कार.