कासुगाची राई आणि देवाची हरणं

नारा शहराला खेटून उभा असलेला हा गर्द डोंगर म्हणजे कासुगायामा. इसवी सन 841 मध्ये इथे शिकारीला आणि वृक्षतोडीला मनाई झाली. म्हणून आज, जवळजवळ बाराशे वर्षांनंतरही, जपानमधल्या एवढ्या जुन्या शहराच्या वेशीवर सुमारे अडीचशे हेक्टरांचं मूळचं जंगल शाबूत आहे. आपल्याकडच्या देवराईसारखंच हेही देवाच्या नावानं राखलेलं रान.

पायथ्याशी कासुगा ताइशा हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान आहे. फुजिवारा या मातब्बर घराण्यानं 768 मध्ये ते उभारलं. वाटेच्या दोन्ही अंगांना भक्तांनी वाहिलेले दगडी दीपस्तंभ, शेवाळानं पार माखलेले. आत छताला टांगलेले धातूचे कंदील. दोन्ही मिळून सुमारे तीन हजार! मंदिराचं छप्पर झाडाच्या सालीचं, आणि दर वीस वर्षांनी इथे मोठा जीर्णोद्धार होतो. 2016 मध्ये साठावा पार पडला.

याच फुजिवारांचं बौद्ध मंदिर, कोफुकु-जी, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. शतकानुशतकं तिथले भिक्षू शिंतो देवांपुढे बौद्ध सूत्रं म्हणत आले. 1868 मध्ये सरकारनं फर्मान काढून दोन्ही धर्म वेगळे केले, आणि कोफुकु-जीचे कितीतरी भिक्षू कासुगाचे पुजारी झाले. इतकी जवळीक कागदावरच्या हुकमानं तुटत नाही. आजही नव्या वर्षाच्या सुरुवातीला भिक्षू देवळात येऊन सूत्रपठण करतात.

आता या हरणांकडे पाहा. ताकेमिकाझुची हा देव पांढऱ्या हरणावर बसून पूर्व जपानमधल्या काशिमाहून इथे आला, अशी श्रद्धा आहे. म्हणून हरणांना कुणी हात लावत नाही. पण खरी पंचाईत इथेच आहे. हरणांचं तोंड पोहोचतं तिथपर्यंतचा पाला साफ झालेला दिसतो. ओकची रोपं उगवतात आणि मोठी होण्याआधीच खाल्ली जातात. म्हातारी झाडं पडतात, त्यांची जागा घ्यायला तरुण झाड नसतं. हरणं ज्याला तोंड लावत नाहीत, ते नागीचं झाड मात्र फोफावतंय. त्याचं पान हातात घेऊन पाहा: मधली शीर नाही, नुसत्या समांतर रेषा, आणि चिवट इतकं की सहज फाटत नाही.

कुऱ्हाडीपासून वाचलेल्या या रानात आता जागोजागी कुंपणं घातली आहेत. हरणं बाहेर, आणि आत ओकची रोपं.