ओझानामला पाचारण कुठून आलं?

तरुण मित्रांनो, पाचारण म्हणजे देवाची हाक. ते म्हटलं की आपल्या गावांत आधी फादर घडवणारी सेमिनरी आठवते, नाहीतर सिस्टरांचं कॉन्व्हेंट. एखादा मुलगा जरा देवळात जास्त दिसला की आया-मावश्या विचारतात, ‘काय रे, फादर होणार का?’ म्हणून आज मी मुद्दाम अशा माणसाबद्दल बोलणार आहे, जो फादरही झाला नाही आणि ब्रदरही. त्यानं लग्न केलं, त्याला मुलगी झाली, प्राध्यापकी केली आणि चाळिसाव्या वर्षी तो वारला. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला पॅरिसमध्ये धन्यवादित (म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेही जागतिक युवा दिनासाठी जमलेल्या तुमच्यासारख्या तरुणांसमोर. त्याचं नाव फ्रेडरिक ओझानाम.

ओझानाम १८३१ साली लियाँहून पॅरिसला कायदा शिकायला आला. वडील डॉक्टर. पोराचा ओढा साहित्याकडे, पण वडिलांना वकील हवा होता. (ही गोष्ट तुमच्यापैकी किती जणांच्या घरची आहे, ते हात वर करून सांगू नका.) काही काळ तो आंपेअर यांच्या घरी राहिला. हो, तेच आंपेअर, ज्यांच्या नावानं आपण वीजप्रवाह मोजतो. विद्यापीठात तेव्हा श्रद्धेची टिंगल करण्याची हवा होती. ओझानाम आणि त्याचे मित्र एका वादसभेत चर्चची बाजू हिरिरीनं मांडायचे. चर्चनं इतिहासात काय काय केलं याची यादी त्यांना तोंडपाठ. एकदा समोरच्या बाजूचा एक विद्यार्थी म्हणाला की, पूर्वी केलं असेल, पण आज तुम्ही स्वतः काय करता?

बघा, ओझानामला हाक आली ती अशी, विरोधकाच्या तोंडून. ध्यानधारणा चालू नव्हती, कुणी देवदूत आला नव्हता. वादात हरल्यासारखं झालं होतं, बस्स. सांगतात की तो आणि त्याचा एक मित्र त्यानंतर उरलंसुरलं जळण घेऊन एका गरिबाच्या घरी गेले. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि बेली नावाचे एक संपादक गृहस्थ एकत्र बसले. गरिबांच्या घरी जाऊन त्यांना मदत करणाऱ्या संत विन्सेंट दी पॉल सोसायटीची ती पहिली बैठक.

पण उत्साह असला तरी या पोरांना गरिबाच्या घरात शिरायचं कसं, हेच ठाऊक नव्हतं. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये पटकीनं १८,००० हून जास्त माणसं गेली होती. मुफतार ही तिथली अगदी दरिद्री वस्ती, आणि सिस्टर रोझली रांदू तिथं वर्षानुवर्षं काम करत होत्या. मुलं त्यांच्याकडे गेली. सिस्टरांनी घरं दाखवली, पावाची आणि कोळशाची कुपनं हातात दिली. मला या गोष्टीत हेच फार आवडतं, की विद्यापीठातली हुशार मुलं एका नर्सिंग करणाऱ्या सिस्टरच्या हाताखाली शिकायला बसली.

ओझानामच्या वाट्याला आलेलं पहिलं कुटुंब म्हणजे पाच मुलांची आई आणि तिला मारणारा दारुडा. नुसता पाव देऊन तिथं काय होणार? त्यानं चौकशी केली, तेव्हा कळलं की त्यांचं कायदेशीर लग्नच झालेलं नाही. मग कायद्याचा हा विद्यार्थी कायद्यानंच कामाला लागला आणि त्यानं त्या बाईला त्या माणसापासून सोडवलं. तुमच्यातला कुणी कॉम्प्युटर शिकतोय, कुणी नर्सिंग, कुणी अकाउंट्स. त्याचा उपयोग कुठं होईल ते असं कुणाच्या तरी घरी जाऊन बसल्यावरच कळतं.

त्यांनी रीतही साधी ठेवली. आठवड्याला बैठक, घरभेटीला जाताना शक्यतो दोघं मिळून. बैठकीअखेर पिशवी फिरते आणि कुणी किती टाकले हे कुणाला कळत नाही. हे ऐकून मला आपलं नाताळचं ब्लँकेट-वाटप आठवतं. ब्लँकेट एक, धरणारे पाच, फोटो काढणारे दोन, आणि घेणारी म्हातारी मध्ये मान खाली घालून उभी. वाटू नका असं मी म्हणत नाही. पण तिच्या घरी नंतर कुणी गेलं का?

ओझानाम घरभेटींवरच थांबला नाही, हेही सांगितलं पाहिजे. मजुरी पुरेशी मिळत नाही म्हणून माणूस गरीब राहतो, हे त्यानं स्पष्ट मांडलं. १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी मित्रांबरोबर वर्तमानपत्र काढलं, निवडणूकही लढवली आणि हरला. त्याच्याच वर्गातल्या बऱ्याच श्रद्धावंतांना हे रुचलं नाही. आजही रुचत नाही. दान करणाऱ्याचं कौतुक होतं, मजुरीबद्दल विचारणाऱ्याला ‘राजकारण कशाला आणतोस?’ म्हणतात.

आता आपल्या वसईचं. आपल्या गावांतली गरिबी वेगळी दिसते. बंगला आहे, अंगणात विहीर आहे, मुलगा कॅनडात, मुलगी गल्फमध्ये, आणि आत एक आजी दिवसभर टीव्हीसमोर. तिला ब्लँकेट नको आहे. बँकेचा मेसेज वाचून दाखवणारं कुणी हवं, दवाखान्यात सोबत हवी. आणि दुसरीकडे नालासोपाऱ्याच्या चाळींत भाड्याच्या एका खोलीत सहा-सात माणसं राहतात. ती आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, यादीत नसतील, पण मुफतारचीही सगळी माणसं कुठं चर्चमधल्या मिस्सेला येत होती?

अशा घरभेटींना ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर वहीत नाव लिहा. जोडीनं जायचं, आठवड्यातून एक तास, आणि निदान वर्षभर तेच घर. परीक्षा आली तर आधी सांगून ठेवा, म्हणजे दुसरं कुणी जाईल. फोन खिशात ठेवायचा.