एका दाराचं घर

पडद्यावर दिसतंय ते फूल नव्हे. हा गांडुळाचा समुद्रातला भाऊबंद. याला ‘फेदर डस्टर वर्म’ म्हणतात, म्हणजे पिसांच्या झाडूसारखा दिसणारा किडा, कूळ सॅबेलिडी. आपल्याला दिसतो तो नुसता पिसारा, बाकीचं अंग नळीत. उथळ खडकांवर, बंदराच्या धक्क्यांवर, प्रवाळांच्या फटींत, खोल समुद्राच्या तळावरही या नळ्या सापडतात. नळीचं बूड गाळात रुतलेलं किंवा खडकाला चिकटलेलं असतं. म्हणजे खाणं, श्वास, बांधकाम, सांडपाणी, सगळं वरच्या एका दारातून.

पिसाऱ्याच्या प्रत्येक काडीला बारीक फाटे असतात आणि त्यांवर पक्ष्माभिका, म्हणजे सतत हलणारे सूक्ष्म केस. त्यांच्या हालचालीने पाणी बाहेरून आत शिरतं आणि मधून वर निघून जातं. अडकलेले कण काडीवरच्या पन्हळीतून तोंडाकडे सरकतात. ही पन्हळ वर रुंद, तळाशी चिंचोळी. मोठे कण वरच अडतात, ते फेकून दिले जातात. सर्वांत बारीक कण तळाशी पोचतात, ते पोटात जातात. उरले मधले. ते चिकट स्रावात कालवून त्यांची दोरी होते, आणि किडा स्वतःभोवती फिरत ती नळीच्या काठावर बसवत जातो. चाळणी एकच, तिच्यातूनच जेवण निघतं आणि गवंड्याचा मालही! मला तरी याहून काटकसरीची व्यवस्था माहीत नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. गुदद्वार तर नळीच्या तळाशी. मग विष्ठेचं काय? तिच्यासाठी अंगावर एक खाच असते. पोटाच्या बाजूने निघते, वाटेत वळसा घेऊन पाठीवर येते. तिथल्याही पक्ष्माभिका मळ दारापर्यंत ढकलतात आणि पिसाऱ्यातून वर जाणारं पाणी तो घेऊन जातं.

रक्ताचं एका वाक्यात सांगतो: त्यात हिमोग्लोबिनचं भावंड क्लोरोक्रुओरिन असतं, म्हणून ते पातळ असताना हिरवं आणि दाट असताना लाल दिसतं.

चुन्याच्या नळ्या बांधणाऱ्या सर्प्युलिडी कुळात बऱ्याच जणांकडे दाराला झाकण असतं. सॅबेलिडींकडे ते नाही. त्यांची भिस्त वेगावर. काही जातींत काड्यांवरच डोळे असतात, नुसती सावली पडली तरी ओळखणारे. मग निरोप जातो शरीरभर धावणाऱ्या जाडजूड चेतातंतूतून. मिक्सिकोला या किड्यात तो सुमारे 1 मिलिमीटर जाड भरतो. आपले जाडातले तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे. तंतू जितका जाड तितका संदेश वेगवान. पापणी लवते न लवते तोच पिसारा गडप!

उशीर झालाच आणि माशाने पिसारा तोडला, तर तो पुन्हा उगवतो. पण दर सावलीला आत पळायचं म्हणजे तेवढा वेळ उपाशी राहायचं. म्हणून सावली पुन्हापुन्हा पडूनही काहीच घडलं नाही, की हा दचकणं सोडतो आणि पिसारा उघडाच ठेवून गाळत बसतो.