बुलेटचा क्लच चिकटलाय? उघडायची घाई नको

कोल्हापूर, उद्यमनगर. समोर उभी आहे ती जुन्या कास्ट आयर्न इंजिनची साडेतीनशे सीसी बुलेट, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. अख्खा पावसाळा शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. आता किकला चालू होतीय, ठोकापण मस्त पडतोय, पण क्लच दाबून पहिला टाकला की गाडी धाडकन पुढं उडी मारते आणि बंद. मालक तरुण पोरगा, त्यानं निदान घरनंच करून आणलंय आणि ते मेकॅनिक मामांना सांगतोय.

"मामा, क्लच प्लेटा गेल्या. नवीन सेट आणू का?"

"अरे, गेलेला क्लच घसरतो. हा तर धरून बसलाय की."

सगळा घोळ इथंच होतो बघा. प्लेटा झिजल्या की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पळत नाही, त्याला आपण क्लच स्लिप होतोय म्हणतो. हे त्याच्या बरोबर उलटं आहे, इथं प्लेटा एकमेकींना सोडतच नाहीत. यात नवीन सेट टाकून निम्म्या वेळा काहीच फरक पडत नाही, पैसे जातात आणि मग दुकानदाराला शिव्या.

मामा गाडी न्यूट्रलला ठेवून, इंजिन बंद, क्लच पूर्ण दाबून किक मारतात. बुलेटची किक गिअरबॉक्समधनं आणि क्लचमधनं इंजिनला जाते, त्यामुळं क्लच नीट सुटला तर किक हलकी खाली जाते आणि इंजिन फिरत नाही. इथं मात्र पायाला कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनमधल्या दाबलेल्या हवेचा जोर, लागतंय, म्हणजे चिकटलाय हे नक्की. आता गाडी चौथ्यात टाकून, क्लच दाबूनच, दोघं मिळून पुढंमागं झोके देतात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत प्लेटांमधलं जुनं तेल चिकट होतं, ओल असेल तर स्टीलच्या प्लेटांना गंज धरतो, आणि बऱ्याचदा एवढ्या झोक्यांनीच "टक्" होऊन क्लच मोकळा होतो. आज झाला नाही. थोडासा सुटला, पण पूर्ण नाही.

मग मामा कव्हर उघडणार असं वाटतं, पण नाही, ते हँडलपाशी जातात. कारण असं आहे की लिव्हर दाबली की वायर ओढली जाते, वायर गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूचा आर्म हलवते, तो आर्म एका रॉडला ढकलतो, आणि तो रॉड मेनशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याच्या, पोटातनं आरपार डावीकडं जाऊन प्रेशर प्लेट, म्हणजे बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी प्लेट, उचलतो. उचल असते जेमतेम एकदोन मिलिमीटरची! वायरमध्ये किंवा ऍडजस्टमेंटमध्ये थोडी जरी खाल्ली गेली तरी आतल्या प्लेटांना काही पत्ताच लागत नाही. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून लिव्हर दाबली तर टाकीखाली वायर अडकतीय, आणि निपलपाशी, म्हणजे वायरच्या टोकाच्या गुंडीपाशी, दोन तारा तुटल्यात. वायर बदलली.

आता गिअरबॉक्सवरचं छोटं झाकण. आत स्क्रू आणि लॉकनट. नट ढिला करून स्क्रू रॉडला टेकेपर्यंत आत, मग साधारण अर्धा आटा मागं, नट आवळला, आणि लिव्हरला दोनतीन मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी चाल, ठेवला. हा प्ले शून्य करू नका बरं का, क्लच जास्त सुटावा म्हणून काही लोक वायर तंग करतात आणि मग रॉड सतत घासून तापतो, टोक मऊ पडतं, रॉड आखूड होतो आणि परत तीच रड.

एवढं करून पण क्लच दाबला तरी गाडी ओढतीयच, म्हणून आता डावीकडचं कव्हर. हे मधल्या एकाच नटवर बसतं. खाली परात ठेवा, तेल येणार. आलेलं तेल बघा, मधासारखं जाड, कुणीतरी हाताला लागेल ते ओतलंय. जाड तेलात, किंवा लेव्हलच्या वर भरलेल्या तेलात, सकाळच्या गारव्यात प्लेटा सुटायलाच मागत नाहीत.

प्लेटा काढताना मामा एकेकीचा फोटो घ्यायला लावतात, आणि ते फार महत्त्वाचं आहे, कारण या क्लचमधल्या काही स्टीलच्या प्लेटा मुळातच बशीसारख्या खोलगट असतात, त्या वाकलेल्या नाहीत! इंग्लंडच्या रेडिचमध्ये डिझाईन झाल्या तेव्हापासून तशाच आहेत, 1955 पासून मद्रासला गाडी बनायला लागली तरी तशाच. हौशी मंडळी त्या हातोड्यानं सपाट करतात. सपाट प्लेटा मात्र काचेवर ठेवून बघायच्या, डुगडुगली की बाद. गंज आहे तो पॉलिश पेपरनं घासून रॉकेलनं धुतला.

पण खरा गुन्हेगार वेगळाच निघाला. प्लेटा ज्यात बसतात त्या ड्रमच्या खाचांवर बोट फिरवून बघा, जिथं फ्रिक्शन प्लेटांचे कान आपटतात तिथं बारीक खड्डे पडलेत. लिव्हर दाबल्यावर प्लेट सरकायला जाते आणि कान त्या खड्ड्यात अडकतो. नवीन प्लेटांचा सेट टाकला असता तरी तो याच खड्ड्यांत अडकला असता. मामा बारीक कानशीनं सगळ्या खाचा हलक्या हातानं एकसारख्या करतात, जास्त घासलं तर ढिलेपणा येऊन ठोकायला लागतं, म्हणून दर दोन फटक्यांना प्लेट घालून बघणं चालू आहे. पोरगा कंटाळलाय, पण बघतोय.

स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून उंची बघितली, एक बुटकी निघाली. तिच्यामुळं प्रेशर प्लेट तिरकी उचलली जायची. त्यामुळं स्प्रिंगांचा पूर्ण सेट नवीन, एकच बदलायची नाही. फोटो बघत प्लेटा परत बसल्या, कव्हरचं रबर नवीन, आणि मधला नट बेताबेतानं, कारण हा जास्त आवळला की कव्हर वाकतं आणि गळती सुरू. तेल लेव्हल स्क्रूपर्यंतच.

किक, चालू. क्लच दाबून पहिला... नुसता "खट्". उभ्या गाडीत न्यूट्रलपण सापडतंय.

"मामा, किती झाले?"

"ते सांगतो. आधी एक चक्कर मारून ये, वायर नवीन आहे, ताण खाईल, आल्यावर परत ऍडजस्ट करायला लागंल. आणि रोज सकाळी क्लच दाबून दोन किका मारायच्या, मगच चालू करायची."