४५ अंशांतला स्क्रू आणि पेटंटची परीक्षा

नमस्कार. आजचा विषय हातात मावेल एवढा आहे: लाकडी तुळई आणि तिच्यावर ओतलेला काँक्रीटचा थर यांना एकत्र बांधणारा स्क्रू. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली या देशांत जुन्या इमारतींचे लाकडी मजले न पाडता मजबूत करायला हे तंत्र वापरतात, आणि नव्या बांधकामातही. ऑस्ट्रियात डोर्नबिर्नला २०१२ साली झालेली एलसीटी वन ही ८ मजली इमारत लाकूड-काँक्रीटच्या अशाच संयुक्त मजल्यांची आहे.

अशा स्क्रूच्या पेटंटचा अर्ज म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात आला, की परीक्षक त्याच्याकडे कसा बघतो, हे आज सांगणार आहे. या क्षेत्रातले अर्ज वाचून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच मांडतो. चांगले शोध नाकारले जातात, आणि त्यातले बरेच किरकोळ असतात म्हणून नाकारले जात नाहीत. कोणत्या आकारामुळे नेमका कोणता परिणाम होतो, हे अर्ज भरायच्या दिवशी कागदावर उतरलेलं नसतं, तिथे सगळं बिनसतं.

आधी मजला समजून घेऊ. दोन सारख्या फळ्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या आणि मधोमध भार दिला, तर दोन्ही आपापल्या वाकतात आणि मधल्या फटीत एकमेकींवरून सरकतात. त्याच फळ्या अजिबात सरकणार नाहीत अशा जोडल्या, तर दोन्ही मिळून एकच जाड फळी होते आणि तेवढ्याच भाराखाली ती पूर्वीच्या एक चतुर्थांशच वाकते. सामान तेच, वजन तेच. लाकूड-काँक्रीटच्या मजल्यात वर काँक्रीट दाब घेतं, खाली लाकूड ताण घेतं, आणि मधलं सरकणं थांबवायचं काम जोडणीचं. शून्य सरकणं प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. म्हणून जोडणी किती ताठ आहे, म्हणजे एक मिलिमीटर सरकायला किती बल लागतं, हा आकडा या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचा. पुढे परीक्षकासमोरही हाच आकडा उपयोगी पडतो.

स्क्रू तुळईत सरळ काटकोनात ठोकला तर काय होतं? काँक्रीट बाजूला सरकू लागलं की स्क्रू वाकतो आणि त्याच्या बुडाशी लाकूड चेपतं. जोड मऊ राहतो. तोच स्क्रू ४५ अंशांत, योग्य दिशेला कलता बसवला, तर सरकणारं काँक्रीट त्याला त्याच्या लांबीच्या दिशेने ओढतं. आता वाकण्याचा प्रश्न मागे पडतो, आट्यांनी लाकूड घट्ट धरलेलं असतं, आणि जोड कितीतरी पट ताठ होतो. उलट्या दिशेला कलला तर तो दाबला जातो. म्हणून काही ठिकाणी एक इकडे, एक तिकडे अशी फुलीसारखी जोडी बसवतात.

स्वित्झर्लंडच्या एसएफएस कंपनीचा व्हीबी नावाचा स्क्रू या कामात प्रसिद्ध आहे. त्याचा एक नमुना डोळ्यांसमोर आणा. व्यास ७.५ मिलिमीटर. खालचा आट्यांचा भाग १०० मिलिमीटर, तो लाकडात जातो. वरचा ४८ मिलिमीटर काँक्रीटमध्ये राहतो आणि त्याच्या टोकाला डोकं असतं. या दोन भागांच्या मध्ये आणखी एक डोकं, म्हणजे जाड कड. ती लाकडाला टेकली की स्क्रू आत जायचा थांबतो. ४५ अंशांत बसवल्यावर वरच्या ४८ मिलिमीटरची उभी उंची साधारण ३४ मिलिमीटर होते. म्हणजे ६० ते ७० मिलिमीटरच्या थरात तो सहज झाकला जातो. साधी वस्तू वाटते, पण कड कुठे, आटे कुठे संपतात, डोकं किती रुंद, या प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी बिघडण्याचा धोका असतो आणि तो टाळलेला असतो.

अशात समजा तुम्ही नवा स्क्रू काढला. मधल्या कडेखाली आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बदलला, कडेला खालून दाते दिले, म्हणजे ती लाकडात किंचित रुतते आणि सुरुवातीचं सरकणं कमी होतं. अर्ज केलात. पहिला क्लेम, म्हणजे ज्या गोष्टीवर हक्क मागायचा तिचं वर्णन, लिहिलात: ‘लाकूड आणि काँक्रीट जोडण्यासाठीचा स्क्रू, ज्याला खाली आटे, मध्ये कड आणि वर डोकं आहे...’

परीक्षकाचं पहिलं काम शोधाशोध. जगभरची पेटंटं विषयवार खणांत लावलेली असतात. स्वतः आटे कापत जाणारे स्क्रू ‘एफ१६बी २५’ या खणात, मजल्यांची रचना ‘ई०४बी ५’ मध्ये. लाकडी तुळया काँक्रीटच्या स्लॅबला जोडण्यासाठी तिथे वेगळा उपखणसुद्धा आहे. दोन्हीकडे शोधावं लागतं. मजलेवाल्यांना स्क्रूंची पेटंटं माहीत नसतात आणि स्क्रूवाल्यांना मजल्यांची, आणि नेमकं त्याच फटीत तुमचं नवेपण हरवतं.

शिवाय हे क्षेत्र वाटतं त्यापेक्षा जुनं आहे. १९२२ साली जर्मनीत पॉल म्युलर यांनी उभ्या कडेवर ठेवलेल्या फळ्या आणि वर काँक्रीट अशा मजल्याची कल्पना पेटंटमध्ये मांडली. १९३९ साली ओटो शाउब यांनी लाकडी तुळया आणि काँक्रीट स्लॅब यांच्यामध्ये पोलादी झेड आणि आय आकाराचे तुकडे घालून जोडणी सांगितली. तेव्हा लाकूड आणि काँक्रीट एकत्र काम करतात, एवढंच कोणी नवं म्हणून मांडलं, तर परीक्षकाला फार मागे जावं लागत नाही.

आता त्या क्लेममधली मोठी चूक. उपयोग सांगितल्याने वस्तू नवी होत नाही. युरोपात वस्तूच्या क्लेममध्ये ‘अमुक कामासाठी’ असं लिहिलं, तर त्याचा अर्थ एवढाच घेतला जातो की वस्तू त्या कामाला चालण्याजोगी असावी. छतावर इन्सुलेशनच्या थरातून पट्ट्या बसवायला लांब स्क्रू वापरतात. त्यातल्या एखाद्याला खाली आटे, मध्ये कड आणि वर डोकं असेल आणि तो काँक्रीटमध्येही धरेल असा असेल, तर तुमचा क्लेम तिथेच पडला. त्या स्क्रूवाल्याने काँक्रीटचा विचारही केला नव्हता, हा युक्तिवाद चालत नाही. शोध अहवालात अशा कागदापुढे ‘एक्स’ हे अक्षर येतं, म्हणजे हा एकटा कागद पुरेसा आहे. दुसऱ्या कागदाशी जोडून अडचण होत असेल तर ‘वाय’. नुसती पार्श्वभूमी असेल तर ‘ए’.

यावर उपाय आहे. दुसरा क्लेम मजल्याचा लिहायचा: लाकडी तुळई, तिच्यावर काँक्रीटचा थर, आणि दोघांत ठरावीक कोनात बसलेले ठरावीक स्क्रू. तिसरा, मजला बांधायच्या पद्धतीचा. इन्सुलेशनचा जुना स्क्रू मजल्याच्या क्लेमला एकट्याने मारू शकत नाही.

नवेपणाची पायरी ओलांडली की खरी परीक्षा सुरू होते. युरोपात ती ठरलेल्या रीतीने होते. परीक्षक सगळ्यात जवळचा जुना कागद उचलतो, तुमच्यात आणि त्यात काय फरक आहे ते लिहितो, त्या फरकाने कोणता तांत्रिक परिणाम होतो ते विचारतो, आणि त्या परिणामावरून समस्या मांडतो. मग प्रश्न असा: या क्षेत्रातला सर्वसाधारण जाणकार ती समस्या घेऊन बसला असता, तर त्याने हा बदल *केला असता* का? करू *शकला* असता का, एवढं पुरत नाही. जुन्या कागदांत त्याला तिकडे नेणारं काहीतरी दिसायला हवं.

आपल्या उदाहरणात जवळचा कागद म्हणजे मधल्या कडेचा, ४५ अंशांचा स्क्रू. फरक म्हणजे कडेखालचे दाते. परिणाम? इथेच अर्जदार अडखळतात. ‘जोड अधिक मजबूत होतो’ असं एक वाक्य लिहून सोडून देतात. मजबूत म्हणजे काय, तुटायचं बल जास्त की सुरुवातीचं सरकणं कमी? या दोन पूर्णपणे वेगळ्या समस्या आहेत. परिणाम सिद्ध झाला नाही, तर परीक्षक समस्या खाली उतरवतो: ‘पर्यायी कड देणे’. मग दाते असलेली कड हा जाणकाराला सहज सुचणारा पर्याय ठरतो, कारण दातेरी वॉशर सगळ्यांना माहीत आहे. तोच परिणाम दात्यांसह आणि दात्यांविना, त्याच लाकडावर, त्याच भाराखाली मोजलेल्या आकड्यांनी दाखवला, की चित्र बदलतं. मग दातेरी वॉशर बोल्ट सैल होऊ नये म्हणून असतो, सरकणं कमी करायला नाही, असं ठामपणे म्हणता येतं. मला इथे अर्जदाराची बाजू खरी वाटते आणि कित्येकदा ती आकड्यांअभावी हरते, याचं फार वाईट वाटतं.

चाचण्या नंतर करून दिल्या तर? त्यावर युरोपीय कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने मार्च २०२३ मध्ये जी २/२१ हा निर्णय दिला. नंतरचा पुरावा केवळ उशिरा आला म्हणून बाजूला सारता येत नाही. पण ज्या परिणामासाठी तो दिला, तो मूळ अर्जातल्या तांत्रिक शिकवणीत सामावलेला असायला हवा. अर्जात सरकण्याचा उल्लेखच नसेल, तर नंतरच्या उत्तम तक्त्यालाही आधार मिळत नाही.

सुधारणांचंही तसंच. परीक्षकाने आक्षेप घेतला की अर्जदार क्लेम आखडतो, ‘४५ अंश’ घालतो. पण मूळ अर्जात ४५ अंशांचा उल्लेख फक्त एका नमुन्यात असेल, आणि त्या नमुन्यात दातेही होते, विशिष्ट पिचही होता, तर एकटा कोन उचलून आणता येत नाही. मूळ अर्जात जे जसं जोडून सांगितलं, त्यापलीकडे जायला युरोपीय पेटंट कराराच्या कलम १२३(२) ची बंदी आहे. कोन ३० ते ६० अंश, शक्यतो ४५, दात्यांसह किंवा दात्यांविना: ही एवढी एक ओळ पहिल्या दिवशी लिहिली असती तर सुटका होती.

कोनाबद्दल एक जुना इंग्लिश खटला सांगतो. कॅटनिक कंपनीची पोलादी लिंटेल होती, दाराखिडक्यांवरची. क्लेममध्ये मागची पट्टी ‘उभी’ असावी असं लिहिलं होतं. प्रतिस्पर्ध्याने ती एका नमुन्यात ६ अंश आणि दुसऱ्यात ८ अंश कलती केली. भार घेण्याची ताकद त्याने जेमतेम एखाद टक्का कमी होत होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९८० मध्ये सांगितलं की बांधकामातला माणूस हा शब्द ज्या हेतूने वाचेल तसा तो वाचायचा, आणि उल्लंघन झालं असं ठरवलं. कॅटनिक जिंकली. पण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन. ‘उभी किंवा जवळजवळ उभी’ एवढे शब्द आधी असते, तर वादाला जागा फारच कमी राहिली असती.

आपल्याकडचं काय? भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) नुसार शोधाने जुन्या ज्ञानापुढे तांत्रिक पाऊल टाकलेलं असावं किंवा त्याला आर्थिक महत्त्व असावं, आणि शिवाय तो जाणकाराला उघड नसावा. कलम ३(एफ) नुसार, आपापलं काम स्वतंत्रपणे करणारे माहीत असलेले भाग नुसते नव्याने मांडले तर तो शोध नव्हे. दाते आणि कलता कोन मिळून काहीतरी घडवतात, हे इथेही दाखवावंच लागतं. १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यासाठी जरूर वाचा. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजचं लेथवर भांडी धरण्याचं पेटंट होतं. जुन्या पद्धतीत भांडं चिकटवून किंवा चकच्या, म्हणजे लेथच्या पकडीच्या, जबड्यात धरायचे आणि ते मध्येच निसटून उडायचं. नव्या पद्धतीत दुसऱ्या बाजूने दाब देऊन ते धरलं. उपयोगी सुधारणा होती यात शंका नाही. पण न्यायालयाने ती कारखान्यातल्या कुशल कारागिराला सुचणारी सुधारणा मानली आणि पेटंट टिकलं नाही.

समोरून एक प्रश्न आलाय: ‘साइटवर लावून पाहिल्याशिवाय स्क्रू चालतो हे कळणार कसं? आणि काँक्रीट ओतल्यावर तर तो दिसतही नाही.’ फार मोलाचा प्रश्न. युरोपात अर्जाच्या तारखेआधी कोणत्याही मार्गाने लोकांना उपलब्ध झालेली गोष्ट तुमच्याविरुद्ध वापरता येते. काँक्रीट ओतायच्या आधी स्क्रू बसवणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो. गुप्ततेचं बंधन नसलेला एक माणूससुद्धा पुरतो. स्क्रूची पेटी विकली गेली, तर घेणाऱ्याने तो मोजला की नाही याचाही विचार होत नाही. भारतात कलम ३२ थोडी सवलत देतं: अर्जाआधीच्या एका वर्षात, केवळ वाजवी चाचणीसाठी, आणि शोधाचं स्वरूपच असं असेल की चाचणी उघड्यावर करणं भाग आहे, तर. पण ही सवलत युरोपात चालत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका. आधी प्रयोगशाळेत, गोपनीयतेच्या लेखी करारावर, दात्यांसह आणि दात्यांविना चाचण्या घ्या. ते आकडे घालून अर्ज दाखल करा. त्यानंतर औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस करारानुसार १२ महिने इतर देशांतही तीच तारीख सांगता येते. तेवढ्या वेळात साइटवर हवे तितके मजले ओता.